जुन्या राइड्सना नवं रूप : बदलाव्यात की जपाव्यात?

वेताळटेकडीवाला

मंडळी, घरात एक वाद पेटलाय आणि मिटायची काही चिन्हं नाहीत, म्हणून इथे टाकतोय.

माझी भाची फ्लोरिडात टॅम्पाला शिकते. मे महिन्यात मी, बायको आणि आई असे तिघं तिच्याकडे जातोय. तिथून ऑर्लंडो जवळच, त्यामुळे डिस्नी वर्ल्ड आणि युनिव्हर्सल होणारच. २००९ साली कंपनीच्या कामानिमित्त गेलो होतो तेव्हा दोन्ही पार्क मनसोक्त फिरलो होतो. त्या आठवणीवरून राइड्सची एक यादी केली आणि भाचीला व्हॉट्सॲपवर पाठवली. कार्टीने शिक्षिकेसारख्या लाल रेघा मारून ती परत पाठवली.

डिस्नीची स्प्लॅश माउंटन, डोंगरावरून होडक्यातून पाण्यात घसरायची ती : नाही. जानेवारी २०२३ मध्ये बंद, २०२४ च्या जूनपासून तिथे टियाना या डिस्नीच्या राजकन्येची राइड. युनिव्हर्सलची जॉज : नाही. २०१२ च्या जानेवारीतच गेली, त्या जागी हॅरी पॉटरची डायगॉन ॲली. डिस्नी वर्ल्डच्या मॅजिक किंगडम पार्कातली आगबोट आणि तिची नदी : नाही, जुलै २०२५ मध्ये बंद, तिथे आता 'कार्स' सिनेमाचा भाग होतोय. तिथल्याच एपकॉट पार्कातली मेलस्ट्रॉम : नाही. २०१४ ला बंद आणि २०१६ पासून 'फ्रोझन' सिनेमाची राइड.

बाकीचं एकवेळ समजू शकतो, पण या मेलस्ट्रॉमचं मला खरंच वाईट वाटलं. तुमच्यापैकी फार कुणी ती पाहिली नसेल म्हणून जरा सविस्तर सांगतो. नॉर्वेच्या दालनात वायकिंगांच्या होडीसारख्या होडीत बसायचं. अंधारात चढण चढली की जुनं गाव, मग दलदल, आणि मग एक तीन डोक्यांचा ट्रोल (तिकडच्या लोककथांतला राक्षस) समोर येऊन तुम्हाला शाप देतो. शाप दिल्याबरोबर होडी उलटी, म्हणजे मागच्या मागे सुटते. पाठ पुढे करून अंधारात चाललोय, बाजूला पांढरी अस्वलं, आणि मागे काय आहे ते दिसत नाही. नंतर होडी पुन्हा वळून घसरते ती थेट उत्तर समुद्रातल्या वादळात, शेजारी हे भलं मोठं तेलविहिरीचं धूड! ट्रोल आणि तेलविहीर एकाच राइडमध्ये. कुणाच्या डोक्यातून आलं असेल देव जाणे, पण असं दुसरीकडे कुठेही नव्हतं. उतरल्यावर नॉर्वेवर एक छोटी फिल्म दाखवायचे आणि नव्वद टक्के पब्लिक ती न बघता पलीकडच्या दाराने सटकायचं. मी बघितली होती, तेवढं तरी श्रेय द्या.

आता तीच होडी, तोच पाट, तीच उलटी चाल. फक्त ट्रोलच्या जागी 'फ्रोझन'मधली एल्सा.

भाचीचं म्हणणं, "मामा, ते पार्क आहे, राजा केळकर म्युझियम नाही. वॉल्ट डिस्नीच म्हणायचा की डिस्नीलँड कधी पूर्ण होणार नाही." मान्य. पण मग पायरेट्स ऑफ द कॅरिबियन १९६७ पासून का ठेवलीय? हाँटेड मॅन्शन १९६९ पासून का ठेवलंय? म्हणजे काहीतरी जपायचं असतं हे त्यांनाही पटतंच ना. मग कुठली राइड जपायची आणि कुठली सोलून नव्याने रंगवायची, हे ठरवायचं कशावरून? नुसतं रांगेच्या लांबीवरून?

"जुनं ते सोनं" म्हणणारा मी नाही. गाडी पण दर सहा वर्षांनी बदलतो. पण इथे काहीतरी खटकतंय आणि ते नेमकं काय, हे मला भाचीला सांगता येत नाहीये. जाणकारांनी मदत करावी. आपल्याकडची उदाहरणं असतील तर तीही चालतील.

सदाशिव_पेठ_३०

मे महिन्यात फ्लोरिडा? अभिनंदन. राइडमध्ये एल्सा आहे की ट्रोल यापेक्षा रांगेत सावली आहे का ते आधी विचारा. आई बरोबर आहेत म्हणालात.

प्राधिकरणची_पोरगी

काका (चालेल ना काका?), मी तुमच्या भाचीच्या पार्टीत.

हा रडवेपणा काही आजचा नाही. मॅजिक किंगडममध्ये मिस्टर टोड या बेडकाची राइड होती. ती बंद करून विनी द पू आणणार अशी कुणकुण १९९७ ला लागली तेव्हा लोक टी-शर्ट छापून राइडसमोर जमायचे, निषेध करायचे. १९९८ ला ती बंद झालीच. नव्या राइडमध्ये भिंतीवर एक चित्र लावलंय, त्यात टोड घराची कागदपत्रं पूच्या गोष्टीतल्या घुबडाच्या हातात देतोय. म्हणजे खरेदीखतच! आता गंमत बघा, त्या पूच्या राइडमध्ये लहानपणी बसलेली पोरं आज पंचविशी-तिशीत आहेत. उद्या पू काढला तर ती टी-शर्ट छापतील. प्रत्येकाचं 'क्लासिक' म्हणजे तो दहा वर्षांचा असताना जे चालू होतं ते. तुमच्या आठवणीसाठी माझ्या भाचरांनी ट्रोल का बघायचा?

माझं बालपण निगडीच्या अप्पूघरात गेलं, नंतर इमॅजिका. इमॅजिका २०१३ ला उघडलं. तिथल्या सुरुवातीच्या राइड्सपैकी एक मिस्टर इंडियावरची. सिनेमा १९८७ चा. गेल्या वेळी आमच्याबरोबर मावशीचा नातू होता, नऊ वर्षांचा. रांगेत त्याने विचारलं, "मोगॅम्बो म्हणजे कोण?" त्याच्या बापाने तिथेच रांगेत हातवारे करून, आवाज काढून त्याला अख्खा सिनेमा सांगितला. पुढच्या दोन फॅमिल्या वळून वळून बघत होत्या. पोराने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "ओके, पण खुर्ची किती हलते?" त्याला खुर्चीशी मतलब! उद्या तिथे दुसरी गोष्ट लावली तर त्याचं काय जाणार आहे?

आणि बदल वाईटच होतो असं कुठे आहे? कॅलिफोर्नियातल्या टॉवर ऑफ टेररचं, म्हणजे भुताच्या हॉटेलातल्या आपटणाऱ्या लिफ्टचं, २०१७ ला 'गार्डियन्स ऑफ द गॅलेक्सी' या सिनेमाची राइड केली. तेव्हाही लोकांनी छाती पिटली. आता बघा त्याचे व्हिडिओ. गाणं वाजतं आणि गाण्याच्या ठेक्यावर लिफ्ट वर-खाली आपटते, दर वेळी गाणं वेगळं. तिथून बाहेर पडणारी माणसं नाचत बाहेर पडतात. भुताच्या हॉटेलातून कुणी नाचत आलेलं मी तरी बघितलं नाही.

देखावेवाला

वेताळटेकडीवाले, तुमचा प्रश्न माझ्या धंद्यातला आहे, त्यामुळे जरा लांबण लागेल. कंटाळा आला तर खाली सरका.

मी गणपतीचे हलते देखावे करतो. नारायण पेठेत शेड आहे. मुलगा लॉस एंजेलिसजवळ असतो, त्यामुळे अनाहाइमचं मूळ डिस्नीलँड पाहिलंय. घरचे राइडमध्ये बसायचे आणि मी सांधे बघायचो. टिकी रूममध्ये पक्षी गातात ना, तिथे गाणं ऐकू नका, चोची ऐका. टक टक टक असा बारीक आवाज येतो. १९६३ सालचा खेळ आहे तो. त्यांनी तेव्हा चुंबकीय टेपवरच्या इशाऱ्यांवर पाखरं बोलती केली होती. आम्ही त्यानंतर कितीतरी वर्षं लाकडी ड्रमवर तांब्याच्या पट्ट्या ठोकून दिवे आणि मोटारी चालू-बंद करत होतो. ड्रम फिरतो, पट्टी ब्रशला लागली की रावणाचे डोळे पेटतात. असो.

मुद्द्यावर येतो. आमच्याकडे एका मंडळासाठी शाइस्तेखानाचा देखावा केला होता. लालमहाल, जाळीची खिडकी, खान पळतोय आणि महाराजांची तलवार येते. गाडीच्या वायपरची मोटर, बारा व्होल्टची. तिच्यावर कॅम, म्हणजे फिरता फिरता हात वर उचलणारी, कडेने घासलेली चकती. आता हा कॅम कसा घासलाय ते नीट समजून घ्या, कारण तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्यातच आहे. गोल कॅम लावला तर हात नुसता पंख्यासारखा वरखाली होतो, त्याला काही अर्थ नाही. म्हणून एका बाजूने चढण हळू ठेवायची, माथ्यावर बोटभर सपाट जागा सोडायची आणि मग एकदम कडा तोडायची. रोलर हळूहळू चढतो, हात वर जातो. सपाट जागेवर आला की हात थांबतो. बघणारा श्वास धरतो. मग रोलर कड्यावरून सुटतो, स्प्रिंग ओढते आणि तलवार सपकन खाली. गर्दीतून "आई गं!" आलं की काम झालं. सगळा जीव त्या सपाट जागेत आहे.

पुढच्या वर्षी तोच सांगाडा, तोच हात, आम्ही भीम केला. तलवारीच्या जागी गदा, समोर दुर्योधन. कुणाला पत्ता लागला नाही, उलट बक्षीस मिळालं. त्यानंतर नवी कार्यकारिणी आली. त्यांना सामाजिक विषय हवा होता, स्वच्छता. मी म्हटलं कॅम नवा करू, झाडायची चाल आडवी असते. बजेट नाही म्हणाले. तोच हात, फेटा काढून टोपी, हातात झाडू. झाडू हळूहळू वर जायचा, थांबायचा, आणि सपकन खाली! समोर केळीची सालं. लोक पोट धरधरून हसत होते. एक आजी म्हणाल्या, सालाने काय घोडं मारलंय याचं?

तर भीम चालला, झाडू चालला नाही. दोन्ही वेळा साज बदलला होता. फरक एवढाच की भीमाच्या गोष्टीला त्या चालीची गरज होती.

आता स्प्लॅश माउंटन घ्या. फ्लोरिडातली मी पाहिली नाही, अनाहाइमची पाहिली, १९८९ ची. कोल्हा सशाला पकडतो. ससा गयावया करतो, काहीही कर पण मला त्या काटेरी झुडपात फेकू नकोस. होडका वर चढतंय, अंधार, वर दोन गिधाडं बसून तुम्हाला टोमणे मारतायत. माथ्यावर क्षणभर थांबल्यासारखं होतं आणि मग खाली, सोळा मीटर, थेट काट्यांत. ससा काट्यांतच जन्मलेला, म्हणून तो सुटतो. म्हणजे ती उडी हीच गोष्ट आहे. उडी काढा, गोष्ट संपली. माझ्या कॅमची सपाट जागा त्यांनी डोंगराएवढी करून ठेवली होती.

टियानाच्या राइडचे व्हिडिओ मुलाने दाखवले. बाहुल्या अप्रतिम. टियानाचा चेहरा, मान, खांद्याची हालचाल, मी चारदा मागे करून बघितलं. असं काम आपल्याकडे व्हायला अजून वेळ आहे. पण गोष्ट अशी की तिला मेजवानीसाठी वादक हवेत. मध्ये मामा ओडी नावाची जादूगार म्हातारी तुम्हाला जादूने बेडकाएवढं करते, आणि मग परत मोठं करण्यासाठी डोंगरावरून सोडते. म्हणजे उडी आधीच बांधलेली होती, तिला कारण नंतर शोधलंय. थोडा झाडूच झाला तो. वाईट नाही हं, पण हात वर का गेला ते कळत नाही.

मात्र 'मूळचं' म्हणून गळा काढणाऱ्यांनी हेही ऐकावं. अनाहाइमच्या स्प्लॅश माउंटनमधल्या गाणाऱ्या बाहुल्या तरी कुठे मूळच्या होत्या? अमेरिका सिंग्ज नावाचा एक खेळ १९७४ पासून तिथे होता. तो १९८८ ला बंद केला आणि त्यातले बगळे, बेडूक, कोंबड्या उचलून या डोंगरात बसवल्या. जुन्या मूर्तीला नवा रंग. आमच्या शेडमध्ये हेच चालतं, त्यामुळे मला फार आपलेपणा वाटला.

पोरगी म्हणते ते गार्डियन्सचं उदाहरण मला पटतं, पण तिने अर्धंच सांगितलं. लिफ्टची चाल आपटण्याची, गाण्याला ठेका हवा, दोन्ही जुळलं. भीम झाला. पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे कॅलिफोर्नियाचा टॉवर ही २००४ ची स्वस्तातली प्रत होती. मूळ टॉवर फ्लोरिडात, १९९४ चा. तिथे लिफ्ट आधी वर जाते, मग लिफ्टमधून तुमचा डबा बाहेर पडून आडवा चालायला लागतो, अंधारातून पलीकडे जातो आणि दुसऱ्या विहिरीत शिरतो. ती आडवी चाल कॅलिफोर्नियात नव्हतीच. अस्सल जागच्या जागी आहे, नक्कल बदलली. माझी काही तक्रार नाही. फ्लोरिडाच्याला हात लावला तर मात्र मी इथून पत्र लिहीन.

आणि मेलस्ट्रॉमला नेमकं हेच झालं नाही. ती एकमेव होती. दुसरी प्रत कुठेच नाही. तुम्हाला खटकतंय ते हे असावं. एल्सा आली याचं नाही, ती उलटी चाल ट्रोलच्या शापातून आली होती याचं. शाप होता म्हणून होडी मागे सुटत होती. आता एल्सा गाता गाता हात पुढे करते आणि होडी मागे जाते. तसं बघायला गेलं तर हे बऱ्यापैकी जुळवलंय, झाडू नाही म्हणणार मी. पण एकुलतं एक होतं ते गेलं.

उलट बाजूचंही सांगतो. फ्लोरिडाच्या टिकी रूममध्ये १९९८ ला त्यांनी अलादीनमधला पोपट आणि लायन किंगमधला तो धनेश आणून बसवला. पोपट जुन्या पाखरांची टिंगल करायचा. २०११ च्या जानेवारीत तिथे छोटी आग लागली, आणि दुरुस्त करताना त्यांनी जुनाच खेळ, थोडा कापून, परत लावला. ऑगस्टमध्ये चालूही झाला. म्हणजे बदल उलटवता येतो, पण केव्हा? जुनी पाखरं भंगारात घातली नसतील तरच. आणि हाँटेड मॅन्शन बघा. अनाहाइमला २००१ पासून दरवर्षी सप्टेंबरच्या सुमारास त्यावर नाताळ-भुतांचा साज चढवतात आणि जानेवारीत उतरवतात. सांगाडा तोच, साज पाहुणा. आमचं तर पोटच त्यावर चालतं.

चाकणचा_फिटर

देखावेवाले, कॅमचा भाग प्रिंट काढून शॉप फ्लोअरवर लावावा म्हणतो.

एक राहिलं. मालक राइड का बदलतो? गोष्टीसाठी नाही. डोंगर, पाट, पंप, पाया, इमारत हा सगळा मोठा खर्च आधीच झालेला असतो. पाण्यातल्या राइडचे पाट, पत्रे, बाहुल्या सतत दमट हवेत आणि औषध घातलेल्या पाण्यात. गंज, फुगवटा, वायरिंगची बोंब. मोठ्या दुरुस्तीला कधी ना कधी बंद करावंच लागतं. बंद करणारच आहोत तर नवीन नाव लावून उघडू, जाहिरात तरी होईल, असा तो हिशोब.

पण तिसरा रस्ता आहे आणि तो कॅलिफोर्नियातच नॉट्स बेरी फार्मने दाखवला. त्यांची खाणीतली आगगाडी १९६० ची, ओंडक्यांची पाण्याची राइड १९६९ ची. २०१३ आणि २०१४ ला एकामागे एक बंद ठेवून आतल्या बाहुल्या, दिवे, आवाज सगळं नवं केलं. विषय? तोच. खाण ती खाण, लाकूडतोडे ते लाकूडतोडे. कुणाचा सिनेमा आणून चिकटवला नाही.

आणि जपायचं म्हणजे काय, हे लाकडी रोलरकोस्टरवाल्यांकडून शिकावं. न्यूयॉर्कचा सायक्लोन १९२७ चा, शहराने वारसा म्हणून घोषित केलेला. म्हणून काय त्यातली फळी १९२७ ची आहे? लाकूड कुजतं, बदलतात, वर्षानुवर्षं बदलत राहतात. वळणं आणि उतार तेवढे तेच ठेवायचे. कोपनहेगनच्या तिवोलीत १९१४ चा आहे, त्यात अजून ब्रेकवाला माणूस गाडीबरोबर बसून हाताने ब्रेक लावतो! आमच्या सेफ्टीवाल्याला दाखवलं तर तो आडवा होईल. पण तो ब्रेकवाला काढून कॉम्प्युटर लावला तर उरलं काय? एक छोटासा, साधासा रोलरकोस्टर. तिथे ब्रेकवाला हीच राइड आहे.

आपली पेशवे पार्कातली फुलराणी १९५६ ची. मधेमधे बंद पडते, दुरुस्त होते, परत सुटते. प्राणी कात्रजला गेले, बागेचं रूप पालटलं, गाडी तिथेच. तिला उद्या कुणी कार्टूनचा मुखवटा लावायला निघालं तर मी पण टी-शर्ट छापणार, पोरगी काही म्हणो.

प्राधिकरणची_पोरगी

फुलराणीला मुखवटा नको, एवढं मान्य. पण ते तुम्ही सगळे त्यात बसलात म्हणून. माझा मुद्दा तसाच उभा आहे.

अटलांटाची_आत्या

मी मूळची शनिपाराजवळची, गेली बरीच वर्षं जॉर्जियात. दोन्ही राइड्समध्ये बसले आहे, जुन्या आणि नव्या, फ्लोरिडाच्याच. इथे सगळे कॅमबद्दल बोलताहेत, पण स्प्लॅश माउंटन मुळात का बदलली ते कुणी लिहिलंच नाही, याचं नवल वाटलं.

ती ज्या सिनेमावर होती तो साँग ऑफ द साउथ, १९४६ चा. गुलामगिरी संपल्यानंतरच्या दक्षिणेतल्या मळ्यावर सगळे कसे गुण्यागोविंदाने राहतात असं त्यात चित्र आहे. डिस्नीने स्वतःच तो सिनेमा अमेरिकेत कधी घरी बघायला, कॅसेट म्हणा डीव्हीडी म्हणा, काढला नाही. म्हणजे सिनेमा कपाटात आणि त्याची राइड भर चौकात, असं तीसेक वर्षं चाललं होतं. राइडमध्ये मळा नव्हता, माणसं नव्हती, फक्त प्राणी होते, हे खरं. पण गाणं त्यातलंच होतं. २०२० च्या जूनमध्ये बदल जाहीर झाला तेव्हा माझ्या ऑफिसातल्या एका कृष्णवर्णीय मैत्रिणीला मी म्हटलं, तुला काय वाटतं? ती म्हणाली, माझ्या आजीने आम्हाला त्या डोंगराकडे कधी वळू दिलं नाही, त्यामुळे मला आठवणच नाही. एवढंच. रागावून नाही, अगदी सहज. आपण 'सगळ्यांच्या आठवणी' म्हणतो तेव्हा कुणाकुणाच्या धरतो, ते मला त्या दिवसापासून खुपतं.

त्यामुळे बदल हवाच होता असं माझं मत, उडी जुळो न जुळो. टियाना ही डिस्नीची पहिली कृष्णवर्णीय राजकन्या, सिनेमा २००९ चा, न्यू ऑर्लीन्सचा. डिस्नीलँडमध्ये शेजारीच १९६६ पासूनचा न्यू ऑर्लीन्स चौक आहे, तिथे ती घरची वाटते. फ्लोरिडात मात्र तो डोंगर काउबॉयवाल्या भागात, त्यामुळे बाजूला खाणीतली गाडी आणि मध्येच दलदल, जरा उपरं दिसतं. हे देखावेवाल्यांच्या बाजूने देते.

एका गोष्टीचं दुःख आहे. ती सशा-कोल्ह्याची गोष्ट मुळात आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या माणसांनी आपापसात सांगत जपलेली. दुबळा ससा अक्कल वापरून बलवानाला फसवतो. का सांगत असतील ते कळायला वेळ लागत नाही. सिनेमाने तिच्यावर मळ्याचा साज चढवला आणि पुढे साज नको म्हणून गोष्टच गेली. तीच गोष्ट ज्यांची त्यांच्या आवाजात सांगून तोच डोंगर ठेवता आला असता, असं मला अजून वाटतं. पण तसा सिनेमा नाही, खेळणी नाहीत, मग विकणार काय?

आणि देखावेवाले, झाडूची उपमा मस्त आहे, पण तुम्ही राइड व्हिडिओत पाहिलीत. उडीनंतर शेवटची ती मोठी मेजवानी, बँड, दिवे, ओल्या कपड्यांत बसलेली माणसं होडक्यात ठेका धरतात. माझ्या पुढे बसलेल्या आजोबांनी दोन्ही हात वर करून टाळ्या वाजवल्या. कारण कळलं नसेल, मजा कळली.

देखावेवाला

आत्या, सिनेमाचं तुम्ही लिहिलंत ते बरं झालं, मला एवढं ठाऊक नव्हतं. गोष्ट ज्यांची त्यांच्याकडून सांगायची, हे तर फारच उत्तम. मुलाकडे जाईन तेव्हा बसून बघतो. पण उडीआधीच्या त्या थांब्याबद्दल माझं मत आहे तेच.

वेताळटेकडीवाला

सगळ्यांचे आभार. भाचीला लिंक पाठवली. तिने पोरगीच्या प्रतिसादाला बदाम दिलाय आणि देखावेवाल्यांच्या प्रतिसादाचा फोटो काढून तिच्या डिझाइनच्या ग्रुपवर टाकलाय. मेलस्ट्रॉमबद्दल "एकुलतं एक होतं" एवढं तिने मान्य केलं. माझ्यासाठी बास.

यादी नव्याने केली. आधी जे एकमेव आणि अजून चालू आहे ते : फ्लोरिडाचा टॉवर, कारण देखावेवाल्यांनी ती आडवी चाल दाखवलीच आहे. युनिव्हर्सलची ई.टी., १९९० ची, तिथल्या पहिल्या दिवसांपासूनची, हीसुद्धा कधी जाईल नेम नाही. टिकी रूम, चोची ऐकायला. कॅरोसेल ऑफ प्रोग्रेस, १९६४ च्या न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनातली, तिथे प्रेक्षकांसकट खुर्च्याच फिरतात, आईला बसून बघता येईल आणि एसी आहे (सदाशिव पेठ, नोंद घ्या). ॲनिमल किंगडमची डायनासोर मात्र यादीतून काढली. तिथे इंडियाना जोन्स येणार हे २०२४ लाच जाहीर झालंय. पण फिटरसाहेब, गंमत अशी की ती राइड १९९८ ला बांधली तेव्हाच डिस्नीलँडच्या इंडियाना जोन्सची यंत्रणा आणि जवळजवळ तोच मार्ग वापरला होता. म्हणजे हे पाहुणे परत जाणार आणि घरमालक राहायला येणार!

टियानाला जाणार. आत्या, एकच विचारतो : आई एकोणसत्तरची आहे, बीपीची गोळी चालू आहे, पण कोकणात होडीत बसायला कधी नाही म्हणत नाही. ती उडी तिला झेपेल का?

अटलांटाची_आत्या

डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको, आणि राइडच्या दाराशी पाटी असते ती वाचा. बीपी असेल तर बसू नका असंच लिहिलेलं असतं. त्यांना फ्रोझनमध्ये बसवा, घसरण छोटी आहे. आणि तुम्ही टियानाला जाल तेव्हा पुढच्या बाकावर बसू नका, सगळं पाणी तिथेच येतं. मोज्यांची एक जोडी पिशवीत ठेवा.